आमच्याकडचा उंदीर

वजन कमी करायचं असं मी आयुष्यात इतक्या वेळा ठरवलंय की आता ते जाहीर केलं तरी नवरा पेपरातून मान वर काढत नाही. पण भाचीच्या लग्नाचे फोटो आले तेव्हा प्रकरण वेगळं झालं. एका फोटोत हिरवी पैठणी नेसलेली एक भरभक्कम बाई पाठमोरी जेवायला बसली होती. मी विचारलं, "ही कोण रे, मुलाकडची का?" त्याने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उचलून तो आत निघून गेला.

पुढच्या सोमवारपासून मी सुरुवात केली. सकाळी बिनदुधाचा चहा आणि चार चमचे दलिया. डब्यात काकडी, गाजर आणि मोड आलेले मूग. संध्याकाळी घरी आल्यावर दुधी भोपळ्याचं सूप, आणि सात वाजले की तोंड बंद. अंधेरीला आमच्या ऑफिसात दुपारी मैत्रिणींचे डबे उघडायचे, कुणाची तळलेली सुरमई, कुणाचं वालाचं बिरडं, आणि मी त्यांच्या मधोमध बसून काकडी खायची. जरा जोरातच खायची, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल. कुणी "एक तुकडा तरी घे गं" म्हणालं की मी डोळे मिटून मान हलवायचे. त्या नकारात सुरमईपेक्षा जास्त चव होती हे मला मान्य करायला हवं.

पहिल्या महिन्यात वजन खरंच उतरलं. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत बायकांचा एक चालण्याचा ग्रुप आहे. त्यांनी माझ्या ढिल्या झालेल्या ड्रेसची दखल घेतली आणि मला ग्रुपची प्रमुख करून टाकलं. मीही ती जबाबदारी गंभीरपणे घेतली. सकाळी कंपाउंडात फेऱ्या मारताना मी सगळ्यांना भाताविषयी, साखरेविषयी आणि मनाच्या ताकदीविषयी सांगायचे. मागच्या बायकांना ऐकू येत नाही म्हणून मी उलटी चालत बोलायचे.

याच सुमाराला मला रात्री साडेबारा-एकला जाग यायला लागली.

आधी मी पाणी प्यायले. मग एका रात्री पाण्याबरोबर एक खजूर खाल्ला, खजूर पौष्टिक असतो म्हणून. मग उरलेली पोळी, तूप-साखर लावून. मग लाडू. मनाशी मी काही नियमही केले होते. उभ्याने खाल्लेलं मोजायचं नाही. डब्यातून थेट तोंडात गेलेलं मोजायचं नाही. फुटलेला लाडू हा लाडू नाहीच. हळूहळू मी त्यात तरबेज झाले. स्टीलच्या डब्याचं झाकण पदराखाली धरून काढलं तर आवाज होत नाही. चिवडा तोंडात तसाच ठेवून भिजू द्यायचा आणि मग चावायचा, म्हणजे कुरकुर होत नाही. काळोखात, तोंडात मूठभर चिवडा धरून, तो मऊ व्हायची वाट बघत उभी असलेली मी. सकाळी हीच बाई चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना मनाची ताकद शिकवायची.

वजन आधी थांबलं, मग वर जायला लागलं. ग्रुपमध्ये मी सांगितलं की असा एक टप्पा येतोच, शरीराला डाएटची सवय होते. सगळ्यांना पटलं. एकीने ते लिहूनही घेतलं.

घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंना ऐंशीला एक-दोन वर्षं कमी, मूळच्या मालवणकडच्या, लग्नानंतरची बरीच वर्षं परळच्या चाळीत काढलेल्या. चाळ सोडून आम्ही सगळे बोरिवलीला आलो त्यालाही खूप काळ लोटला. त्यांना डायबेटिस, त्यामुळे गोड बंद. नवऱ्याला मात्र गोडाशिवाय चालत नाही, त्याच्यासाठी डबे कायम भरलेले. तो साडेदहाला झोपतो आणि त्यानंतर इमारत पडली तरी उठत नाही.

एके दिवशी त्याने खोबऱ्याच्या वड्यांचा डबा उघडला आणि म्हणाला, "परवाच केल्या होत्यास ना? अर्ध्या कुठे गेल्या?"

मी मनात हिशोब केला. मी खाल्ल्या होत्या, पण एवढ्या नाही. मला घाम फुटला. झोपेत चालणारी माणसं असतात तशी मी झोपेत खाते की काय, अशी शंका आली. दिवसभर ऑफिसात फोनवर तेच वाचत बसले आणि आणखी घाबरले.

"उंदीर झालाय," नवऱ्याने निकाल दिला.

"उंदीर झाकण उघडून वडी खातो आणि परत झाकण लावतो?" हा प्रश्नही मग त्यालाच पडला, हे सगळ्यात वाईट.

सासूबाई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाल्या, "हल्लीचे उंदीर हुशार असतत रे."

"हो, खूपच," मी म्हटलं. त्या क्षणी मला सासूबाईंविषयी जो जिव्हाळा वाटला तो इतक्या वर्षांत वाटला नव्हता. पुढचा विचार मात्र मी केला नाही.

नवरा बाजारातून उंदीर पकडायचे चिकट पॅड घेऊन आला. पुठ्ठ्याच्या पुस्तकासारखे उघडायचे, आत घट्ट पिवळा गोंद. एक त्याने ओट्याखाली ठेवला आणि एक फ्रिजच्या बाजूला. कुठे ठेवतोय ते मी नीट बघून घेतलं. तरी त्या रात्री जायचं नाही असं मी ठरवलं. जाग आली, पण कूस बदलून पडून राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काहीतरी आपटल्याचा आणि पाठोपाठ दबक्या आवाजातल्या शिवीचा आवाज आला. उंदीर शिवी देत नाही, एवढं मला कळत होतं.

दिवा लावला. फ्रिजला एका हाताने धरून सासूबाई उभ्या होत्या. दुसऱ्या हातात वाटी, वाटीत दोन वड्या. उजव्या पायाची स्लीपर पॅडला चिकटलेली, आणि पाय उचलायच्या नादात नऊवारीचा काठही चिकटलेला.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो.

"ह्या काय लावून ठेवल्यान माझ्या झिलान?" त्या म्हणाल्या.

"तुमच्या मुलाने उंदरासाठी ठेवलंय, आई."

"गावलो ना उंदीर. आता सोडव."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. गोडेतेल लावून लावून तो गोंद सोडवायला बराच वेळ गेला. मी जमिनीवर बसून त्यांच्या लुगड्याचा काठ चोळत होते आणि त्या वर बसून वडी खात होत्या. मध्येच त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "घे. तू पण त्यासाठीच येतंस. माका माहीत आसा."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू इलंस की मी पडून ऱ्हवतंय. तू गेलंस की मी येतंय."

म्हणजे इतके दिवस आमच्या दोन पाळ्या चालल्या होत्या आणि एक पाळी मला ठाऊकच नव्हती. मला हसू आवरेना. हसू दाबताना वडीच्या घासाने ठसका लागला आणि ऐंशीला टेकलेल्या बाईने माझी पाठ थोपटली.

मी विचारलं, "पण आई, तुम्ही रात्री व्यवस्थित जेवता. मग भूक का लागते?"

त्यांनी रिकामी वाटी बाजूला ठेवली. मग सांगायला लागल्या. सासरे गिरणीत होते, कायम दुसऱ्या पाळीला. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र व्हायची. त्यांच्या आधी ह्या कधी जेवल्या नाहीत. दिवसा खोलीत दीर, नणंदा, मुलं, पाहुणे, पाय ठेवायला जागा नाही. सगळी झोपली की स्टोव्हवर कालवण गरम करायचं आणि दोघांनी एका ताटात जेवायचं. "आमचा काय ता बोलणा त्याच वेळेक," त्या म्हणाल्या. "पोरांचे आजार, कोणाचा लगीन, सगळा जेवताना ठरायचा. हळू बोलूचा लागायचा. पोरा उठतली म्हणान."

गिरणी बंद पडली, काही वर्षांनी सासरेही गेले. मुलगा, सून, सगळे आठ-साडेआठला जेवायला बसायला लागले. त्याही बसायला लागल्या. पण पोटाला त्या वेळची सवय राहिली ती राहिलीच.

"आणि तुका कित्याक भूक लागता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "दुपारी काकडी खाते म्हणून."

त्या रात्रीनंतर आमचे दिवस फार मजेत गेले, किंवा रात्री म्हणू. आता लपायचं कारण नव्हतं. मी भात परतायचे, त्या वरून खोबरं आणि कोथिंबीर घालायला लावायच्या. कधी सोलकढी, कधी उरलेल्या आंबोळ्या. बोलायचो हळूच. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळलं की माझ्या सासूबाईंना सर्कस आवडते, की त्यांना एकदा नोकरी करायची होती, आणि माझी पहिल्या वर्षीची आमटी त्या चाळीतल्या मोरीत ओतून द्यायच्या.

याच काळात सोसायटीत महिला दिनाचा कार्यक्रम झाला आणि 'निश्चयाने वजन कसं घटवावं' यावर मला बोलायला सांगितलं. तोवर मी सुरुवातीच्या वजनाच्याही वर गेले होते, पण सैल कुर्ता घातला होता. मी माईक हातात घेऊन सांगितलं की सातनंतर स्वयंपाकघराचा दरवाजा मनाने बंद करायचा. पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. शेजारच्या बाईला वाटलं त्यांना गहिवरून आलंय. तिने त्यांना पाणी आणून दिलं.

मग एका सकाळी सासूबाई बाथरूममधून बाहेर आल्या आणि भिंत धरून खाली बसल्या. पडल्या नाहीत, पण डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि तोंडाला कोरड पडली होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिथल्या तिथे बोट टोचून साखर बघितली आणि आकडा बघून चष्मा काढला.

"आजी, काय खाताय?"

"ती काहीच खात नाही हो," नवरा म्हणाला. "सकाळी नाचणीची भाकरी, रात्री अर्धी वाटी भात. घरात गोड आहे, पण हात लावत नाही. मध्ये उंदीर झाला होता, तोच खायचा सगळं."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "रात्री उठून काही खाता का?"

सासूबाई छताकडे बघायला लागल्या. त्या काही सांगणार नव्हत्या. सांगितलं तर माझंही नाव येणार, म्हणून त्या गप्प आहेत हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली. भाषणात वाटायला हवी होती ती तिथे वाटली.

"खातात," मी म्हटलं. "मी देते. मीही खाते. आम्ही दोघी खातो."

नवऱ्याने त्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघितलं. "मग उंदीर?"

"उंदीर नव्हतो रे," सासूबाई म्हणाल्या. "तू उगाच गोंद आणलंस."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आधी सासूबाईंना विचारून घेतलं की रात्री भूक लागते तेव्हा हात थरथरतात का, घाम येतो का. कधी कधी येतो, त्या म्हणाल्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि मी इतक्या रात्री समोर बसून विचारलंही नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काही दिवस रात्रीची साखर तपासायला सांगितली, आणि झोपायच्या आधी बिनसाखरेचं दूध आणि मूठभर फुटाणे घ्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. दिवसभरात काय खाता ते सांगा. मी अभिमानाने सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "एवढ्यावर रात्री कुणीही उठेल. जेवत जा हो नीट. दुपारी पोळी-भाजी, रात्री भाकरी, डाळ. आणि रात्री उठलात तर ताटलीत घ्या आणि बसून खा. उभ्याने खाऊ नका."

रिक्षात नवरा डॉक्टरांची चिठ्ठी वाचत बसला. घर जवळ आल्यावर म्हणाला, "मला उठवायचं तरी. मी पण आलो असतो."

मी ग्रुपचं प्रमुखपद सोडलं. कारण विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. दोन-तीन जणी हसल्या, एक जरा रागावली, कारण तिने माझ्या सांगण्यावरून भात सोडला होता. आता मी फेऱ्या मारताना मागच्या रांगेत असते आणि सरळ चालते. डब्यात पोळी-भाजी नेते. सुरमईचा तुकडा कुणी दिला तर घेते. वजन उतरतंय, पण फार सावकाश, आणि सणावारी पुन्हा थोडं चढतं. भाचीला बाळ होणार आहे, बारशाला तीच पैठणी नेसायची आहे, ब्लाऊज मात्र अजून बसत नाही. शिंप्याला आधीच सांगून ठेवलंय.

सासूबाईंची साखर ताब्यात आहे. नवऱ्याने हौसेने नवा वजनकाटा आणला, तर त्या त्यावर पाय ठेवायला तयार नाहीत. "माझा वजन मीच उचलतंय ना रोज, माका माहीत आसा," म्हणतात.

रात्री दहाला त्यांचं दूध आणि फुटाणे घेऊन मी त्यांच्या खोलीत जाते. माझ्यासाठी ताक नेते. त्या चाळीतलं काहीतरी सांगतात, मी ऑफिसातलं सांगते. आता हळू बोलायची गरज नाही, तरी आम्ही हळूच बोलतो. हल्ली नवराही यायला लागलाय. तो येताना लाडवाचा डबा घेऊन येतो आणि आमच्या दोघींच्या समोर बसून, चवीने, एकटा खातो.