सूर्यास्ताआधीचं ताट

अमळनेरच्या लाडकुंवरबाई छाजेड तीन महिने केनियात राहतील, यावर त्यांच्या सुनेचाही विश्वास नव्हता. किसुमू शहरातलं एक बालगृह त्यांच्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याच्या मदतीवर चालायचं. तिथे सेवेला माणसं हवी होती. लाडकुंवरबाईंचं इंग्रजी चांगलं, म्हणून त्यांच्याकडे मुलांचं वाचन आलं. स्वयंपाकघर आलं धुळ्याच्या सुनंदाबाईंकडे. त्यांनी वीस वर्षं कॉलेजच्या पोरांची खाणावळ चालवली होती.

वाचनाच्या तासाला पाच वर्षांची अचिएंग लाडकुंवरबाईंच्या मांडीला टेकून बसे. त्यांचा जीव तिच्यातच गुंतला. पण जेवणाची वेळ झाली की ही पोर त्यांची उरत नसे.

सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, कांदा-लसूण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा जैन नेम. मुलं जेवायची अंधार पडल्यावर. बाई मात्र उजेड असतानाच रिकाम्या सभागृहात एकट्या बसून मुगाची खिचडी संपवत आणि खोलीत जात. मग भिंतीपलीकडून ताटांचा खणखणाट ऐकू येई. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, म्हणजे तिथली उगाली, कांदा घालून परतलेला पाला, आणि वर सुनंदाबाईंनी हौसेनं थापलेल्या भाकरी. मुलं एवढी कशाला हसतात, हे काही त्यांना कळत नसे.

"बठ्ठं सरी गयं, अक्का!" सकाळी रिकामी पातेली दाखवत सुनंदाबाई सांगत. "आनि ती अचिएंग? ती तं मना बिगर जेवतच नही."

"लाडावून ठेवलीत तुम्ही तिला," लाडकुंवरबाई म्हणत.

"मंग? पोर शे ती. लाडावाले कोनी बंदी करी का?"

त्या दिवशी लाडकुंवरबाईंनी तडक बालगृहाच्या प्रमुख ग्रेसबाईंना गाठलं. लवकर जेवलेलं पचतं, झोप शांत लागते, मुलं सकाळी ताजी उठतात, असं पुष्कळ सांगितलं. ते सगळं खरंच होतं. खरं कारण तेवढं सांगितलं नाही. ग्रेसबाई म्हणाल्या, आठवडाभर करून पाहू.

पहिल्याच संध्याकाळी रंगात आलेला फुटबॉल टाकून मुलं धुळीच्या पायांनी, तोंडं पाडून आत आली. अचिएंग लाडकुंवरबाईंशेजारी बसली खरी, पण खिडकीतून मैदानाकडे पाहत राहिली. ताट तसंच. झोपायच्या वेळी सगळी मुलं भुकेली होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी जमली, आणि सुनंदाबाईंनी पुन्हा तवा ठेवला. तिसऱ्या दिवशी ग्रेसबाईंनी जेवणाची जुनी वेळ परत आणली.

सुनंदाबाई नुसत्या हसल्या. ते हसू लाडकुंवरबाईंना टोमण्यापेक्षा जास्त झोंबलं.

त्या रात्री लाडकुंवरबाई आपल्या खोलीत गेल्या नाहीत. ताट न घेताच जेवणाच्या बाकावर, अचिएंगच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या. उजवीकडे सुनंदाबाई होत्याच. अचिएंगनं एकदा लाडकुंवरबाईंच्या समोरच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग उगालीचा लहानसा गोळा केला, त्याला अंगठ्यानं खळगा पाडला, त्यात भाजी भरली आणि हात थेट त्यांच्या ओठांशी नेला.

"खा," ती इंग्रजीत म्हणाली.

कांदा होता. रात्र होती. लाडकुंवरबाईंचे ओठ किंचित हलले, आणि घट्ट मिटले. त्यांनी मान हलवली.

पोरीनं क्षणभर वाट पाहिली. मग तोच हात तिनं उजवीकडे वळवला, आणि सुनंदाबाईंनी आ केला.

"गोड लागनं व माय," घास चावत त्या म्हणाल्या.

लाडकुंवरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. नेम मोडला नाही याचं समाधान वाटायला हवं होतं, ते कुठेच सापडेना. त्या अचिएंगच्या कानाशी वाकल्या.

"रविवारी दुपारी ऊन असतं. मी शिरा करीन. तेव्हा मला भरव."

अचिएंगनं विचार केला. "आणि सुनंदा?"

"ती तेव्हा भांडी घासत असेल," लाडकुंवरबाई म्हणाल्या.