घग्गरच्या पात्रातली बाज

"दीदी, पापा नहीं रहे," काकांच्या मुलीने, मेघनाने फोनवर सांगितलं. ती चंदीगढमध्येच वाढलेली, मराठी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की हिंदी. एरवी काकांनी तिला तिथल्या तिथे टोकलं असतं... मी नुसतं "निघते" म्हटलं आणि चपला शोधत राहिले. त्याला आता दीड महिना झाला.

बारापात्रे काका मूळचे भंडाऱ्याचे, वैनगंगेकाठचे. नद्यांचं पाणी मोजणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची हयात गेली. बदलीवर इकडे आले आणि निवृत्तीनंतर चंदीगढच्याच मनीमाजऱ्यात घर घेऊन राहिलेच. तरी रोज सकाळी स्कूटर काढून घग्गर नदीच्या पुलावर जायचे, खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचे. "पेन्शन याचंच मिळतं का?" मी चिडवायची. "का करू बाई, सवय जात नाही," एवढंच म्हणायचे. खरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. नोकरीत असताना पाणी वाढल्याचा आकडा त्यांनी वेळेवर कळवला होता, पण पात्रात झोपडी टाकून राहिलेल्या कुटुंबाला कोणीच काही सांगितलं नाही. माणसं कशीबशी वाचली, म्हैस वाहून गेली. "मी ऑफिसले सांगून जेवाले बसलो होतो," काका म्हणाले.

घग्गर वर्षातले बरेच महिने म्हणजे नुसती वाळू आणि मधून एक धार. त्या वाळूत रामअवतार आणि शांती खरबुजं लावतात. काका त्याला कौतुकाने डांगरवाडी म्हणत, भंडाऱ्याकडे खरबुजाला डांगरच म्हणतात. एका मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर तिथे खरबुजं आणायला गेले होते. ऊन रणरणत होतं, आभाळात ढगाचा ठिपका नाही. वर डोंगरात राहणाऱ्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, तिकडे धो धो पाऊस पडून गेला होता. काकांनी धारेकडे पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं, काटक्या वाहत येत होत्या. "सामान उठाओ, ऊपर चलो," ते म्हणाले. रामअवतार हसला. "बाबूजी, इतनी धूप में?" मग काका शांतपणे त्याच्या झोपडीपुढच्या बाजेवर मांडी घालून बसले. "तुम उठोगे, तब मैं उठूँगा."

"काका, चला ना, सांगितलं ना त्यांना," मी म्हटलं. "तू जाय वर. हे उठत नाही तोवर मी उठत नाही." खरं सांगते, मला त्यांचा रागच आला होता. म्हाताऱ्या माणसाला पात्रात सोडून जायचं कसं? शेवटी शांतीनेच नवऱ्याला फटकारलं, मुलं आणि बकऱ्या वर काढल्या. पाण्याचं इंजिन आम्ही चौघांनी ओढलं. काठावर जेमतेम दम घेतला आणि खालची बाज तरंगत निघाली. वेल गेले म्हणून रामअवतार कुरकुरत होता, काका मात्र लग्नघरातल्यासारखे खुशीत होते.

काकूंना या नदीचं कधीच प्रेम नव्हतं. "माझी सवत आहे ती," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले होते. त्या चहा ओतत होत्या, तेवढ्यात काकांचा मोबाईल वाजला. डोंगरातला तोच सहकारी होता. "भाभीजी, समझ नहीं आया और किसको बताऊँ... ऊपर बहुत बारिश हुई है." काकूंनी एक शब्दही वाया घालवला नाही, त्याच फोनवरून शांतीचा नंबर लावला. "अभी निकलो. बच्चों को पहले. नहीं, बाद में नहीं, अभी. मी फोन नहीं रखूँगी." त्यांची हिंदी अशीच, निम्मी मराठी. चहा निवला, साय धरली. काकू फोन कानाला घट्ट लावून खिडकीबाहेर बघत होत्या, बाहेर लख्ख ऊन होतं. बऱ्याच वेळाने पलीकडून बकऱ्यांचा आवाज आला, मग शांतीचा. "आ गए माताजी, सब ऊपर हैं."

काकूंनी फोन ठेवला आणि काका गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर रडल्या.