सोमवारचा घरचा पाठ

माझी मुलगी प्रार्थना करायला लागली की मी हळूच डोळे उघडायची. प्रार्थनेत डोळे मिटायचे हा नियम तिला मीच शिकवला होता, आणि मोडणारीही मीच. पण राहवायचं नाही. साडेसहा वर्षांची पोर हाताची घडी घालून, पापण्या गच्च मिटून अशी बोलायची की समोर कुणीतरी बसलंय आणि ते फक्त मलाच दिसत नाहीये असं वाटावं. मध्येच थांबायची, ऐकल्यासारखी मान हलवायची, पुन्हा बोलायला लागायची. माझ्या अंगावर काटा यायचा. चार वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, सहजासहजी भारावून जाणाऱ्यातली नव्हे. पण या पोरीपुढे माझं काही चालायचं नाही.

आम्ही मॉर्मन. पुण्यात हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असत, "म्हणजे ख्रिश्चनच ना?" आणि "चहासुद्धा पीत नाही?" पहिल्याचं उत्तर ऐकून लोक मान डोलवत, दुसऱ्याचं ऐकून हळहळत. नवऱ्याच्या घरचे आधीपासूनचे. मी लग्नानंतर आले, तेही दोन वर्षं कडकडून वाद घालून. त्यामुळे लहानपणी हे धडे मला कुणी दिले नव्हते. मुलीला शिकवायचं म्हणजे आदल्या रात्री स्वतः शिकायचं, असा माझा प्रकार होता. आमच्यात मुलं देवापुढे हात जोडत नाहीत, घडी घालतात. माझ्या आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "वर्गात बसवलंय का तिला? आता तोंडावर बोटही ठेवायला सांग." आईचा राग असा विनोदातून बाहेर पडायचा, आणि तो विनोद मला चांगलाच लागायचा.

पुण्यात निदान मुलांना शिकवायला चर्चमध्ये अनुभवी बायका होत्या. नवऱ्याला रियाधला नोकरी लागली, ओलाया भागातल्या एका टॉवरमध्ये बँकेच्या संगणकांचं काम, आणि आम्ही तिकडे गेलो. तिथे चर्चची इमारत असण्याचा प्रश्नच नव्हता. शुक्रवार हाच आमचा रविवार. कुणाच्या तरी दिवाणखान्यात मोजकी कुटुंबं जमायची, गाणी हलक्या आवाजात व्हायची, आणि सगळे आपापल्या गाड्यांतून घरी. बाकीचा सगळा धर्म आईबापांनी घरात शिकवायचा. म्हणजे माझ्या पोरांना देव कळणार तो माझ्याकडून! हे नीट लक्षात आलं त्या दिवशी मला घाम फुटला.

सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखून ठेवायची, ही आमची रीत. फ्रिजवर एक तक्ता लावलेला असायचा आणि चौघांच्या नावांचे चुंबक दर आठवड्याला सरकायचे: प्रार्थना कोण करणार, गाणं कोण निवडणार, पाठ कोण देणार, खाऊ कुणाकडे. यात वय बघत नाहीत. ज्याची पाळी त्याने पाठ द्यायचा, मग तो तीन वर्षांचा का असेना. आमचा धाकटा तीन वर्षांचाच होता. त्याने एकदा प्लास्टिकचा उंट वर धरून "देवाने केला" एवढाच पाठ दिला आणि खाऊ मागितला. नवरा म्हणाला, "शुक्रवारी माझं भाषण इतकं आटोपशीर झालं असतं तर लोकांनी दुवा दिला असता." आम्ही हसलो, पण त्या पोराच्या चेहऱ्यावर असा विश्वास होता की मी तो उंट नंतर बराच वेळ हातात घेऊन बसले.

माझ्या पाठांसाठी मी बत्हाच्या बाजारातून आणलेल्या फेल्टच्या कापडाची माणसं कापली होती. गोष्टी पुस्तकातल्या आणि आमच्या लोकांत तोंडोतोंडी चालणाऱ्या. मुलाची किल्ली हरवते, तो गुडघे टेकतो, किल्ली सापडते. मुलीचं कुत्रं हरवतं, ती गुडघे टेकते, कुत्रं दारात उभं. आमच्यातल्या प्रत्येक आईने या गोष्टी सांगितल्या आहेत, आणि एकीच्याही गोष्टीत किल्ली हरवलेली राहत नाही. मीही तेच केलं. माझ्या मुलीने या गोष्टी साखरेसारख्या पचवल्या. घरात काही सापडेनासं झालं की ती आधी गुडघे टेकायची आणि मग पलंगाखाली बघायची. बहुतेक वेळा वस्तू पलंगाखालीच असायची, त्यामुळे पोरीचा हिशोब पक्का झाला.

मग निताकतची वर्षं आली. सौदी माणसं किती नोकरीवर आहेत त्यावरून सरकार कंपन्यांना रंग द्यायचं. हिरव्यातली कंपनी निश्चिंत, लाल म्हणजे गाशा गुंडाळा. नवऱ्याची कंपनी पिवळ्यात गेली. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, नव्याने होईल की नाही, कुणालाच सांगता येईना. जेवताना आम्ही इंग्रजीत कुजबुजायचो, जसं काही इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरीला इंग्रजी कळतच नाही! तिच्या वर्गातली तिची लाडकी मैत्रीण दाखला काढून केरळला गेली होती. पोरीने दोन अधिक दोन केलेच.

त्या सोमवारी शेवटची प्रार्थना तिच्याकडे होती. आजीसाठी, धाकट्याच्या खोकल्यासाठी मागून झालं आणि ती म्हणाली, "आणि देवा, बाबाचं काम जाऊ देऊ नकोस. मला ही शाळा आवडते. आमेन." मी डोळे उघडले. नवऱ्याचेही उघडे होते. तिचे अजून मिटलेले, आणि चेहरा इतका शांत की मागणं पोचून पावतीही आली असावी.

मला देवाचीही धास्ती वाटली नाही इतकी त्या चेहऱ्याची वाटली. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पुणं काही कुठे गेलं नव्हतं. पण नोकरी गेली आणि त्याबरोबर या पोरीचं हे बोलणं बंद झालं तर? जे मला तिसाव्या वर्षी वाद घालघालून जेमतेम मिळालं, ते तिच्याकडे आपोआप होतं. ते माझ्याच गोष्टींमुळे मोडलं तर मी काय करणार होते? दुसऱ्या दिवशी मी सारवासारव करायला गेले. "देव कधीकधी थांब म्हणतो हं," मी म्हटलं. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "आई, किल्लीच्या वेळेला कुठे म्हणाला?"

"तू तिला आधीपासून 'नाही' ऐकायला तयार करू नकोस," नवरा म्हणाला. "मागू दे तिला."

"तुला काय जातंय? पुढचा पाठ मला द्यायचाय," मी फणकारले.

महिन्याचा पहिला शुक्रवार आमच्या उपासाचा. मोठी माणसं दोन वेळचं जेवण सोडतात आणि मनात एखादं मागणं धरतात. लहानांना सक्ती नसते. पोरीने जाहीर केलं की तीही करणार. मी नाही म्हटलं, रागावले, फ्रिजमधला शिरा दाखवला. ती ढिम्म हलली नाही.

त्या शुक्रवारी सकाळी खालच्या मजल्यावरची शेजारीण घावणे घेऊन वर आली. ती रत्नागिरीकडची, नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. मुलं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. तिला आमच्या धर्माचं काही नीट माहीत नव्हतं आणि तिने कधी खोदून विचारलंही नव्हतं. ताटलीवरचं झाकण काढलं तशी नारळाच्या रसाची वाफ सगळ्या घरात पसरली. पोरीला घावणे म्हणजे जीव की प्राण. तिने ताटलीकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि म्हणाली, "खाला, मी आज खात नाही. माझा फास्ट आहे. बाबासाठी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही बाई म्हणणार, एवढ्याशा पोरीला उपाशी ठेवतेस? मी घाईघाईने म्हटलं, "अहो, मी नको म्हटलं होतं, ही हट्टाला पेटलीय."

तिने झाकण परत ताटलीवर ठेवलं. "ओरडू नको गो तिला," ती म्हणाली. "आमची पोरां पण रोजासाठी अशीच हट्ट करतात. अर्धा दिस धरू दे. पोराचा उपास वरती लगेच पोचतो, आपलाच वाटेत अडकतो." मग ती पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. आमच्या घरी चहा नसतो हे ठाऊक असल्याने ती नेहमी सरबत मागून घ्यायची. त्या दिवशी तिने पाणीही घेतलं नाही. पोर उपाशी असताना तिच्यापुढे कसं प्यायचं, म्हणाली.

दुपारी पोर सोफ्यावर पडून राहिली. पोट गुरगुरलं की स्वतःच हसायची. मी तिच्या पायाशी बसले होते. माझा स्वतःचा उपास त्या दिवशी मला आठवलासुद्धा नाही. एवढंसं पोट, आणि त्यात एवढं मोठं मागणं! ते धरून ठेवायची ताकद तिच्यात आली कुठून? मी तर तिला फक्त किल्लीची आणि कुत्र्याची गोष्ट सांगितली होती. मला तिच्यापुढे फार लहान झाल्यासारखं वाटलं आणि त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात नवरा दुपारीच घरी आला. बूट काढता काढता म्हणाला, "खलास." त्याच्या जागी सौदी माणूस नेमला होता. त्याला काम शिकवायचं आणि निघायचं. "भला माणूस आहे," नवरा म्हणाला. "त्यांचा देश आहे, त्यांनाही घरं चालवायचीत. आपण जाऊ परत." एवढं बोलून तो मोजे हातात घेऊन बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याचे डोळे भरले होते, माझेही. आणि भिंतीपलीकडे पोर धाकट्याला कुठलंतरी गाणं शिकवत होती.

तिला सोमवारी सांगायचं ठरलं. पाठ माझ्याकडेच होता. मी फेल्टची माणसं काढली, ती मांडीवर ठेवली, आणि एकही फळ्यावर लावता येईना. शेवटी सरळच सांगून टाकलं की बाबाचं इथलं काम संपलंय आणि शाळेच्या परीक्षा झाल्या की आपण पुण्याला जाणार.

तिने आधी बाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बट आई, मी तर मागितलं होतं."

"हो बाळा."

"मी घावणेपण नाही खाल्ले."

"हो."

"मग?"

पुस्तकात या जागी द्यायची उत्तरं असतात. चांगली उत्तरं आहेत ती, मी पाठ केली होती. देवाचे बेत मोठे असतात, पुढे कधीतरी कळतं. पण तिच्या डोळ्यांत बघून ती तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "तो नाही म्हणाला. का म्हणाला ते मला माहीत नाही."

नवऱ्याने तिला जवळ ओढलं. ती त्याच्या कुशीत ताठच राहिली. शेवटची प्रार्थना तक्त्यावर तिच्या नावावर होती. मी हळूच आठवण केली. ती म्हणाली, "मी नाही करणार. मी देवाशी कट्टी आहे."

धाकट्याने "थँक यू देवा, आमेन" म्हणून वेळ निभावली आणि खाऊच्या डब्याकडे पळाला. पोरीने खाऊ घेतला नाही, दात घासले आणि झोपून गेली. संपलं, मला वाटलं. मी जे शिकवलं ते इतकंच टिकायचं होतं. मला माझा राग आला, त्या गोष्टी छापणाऱ्यांचा आला, आणि खरं सांगायचं तर देवाचाही आला. एवढा एक इकामा तुला जड झाला होता का रे?

सकाळी शाळेच्या बसची वेळ झाली तरी पोर खोलीतून बाहेर येईना. मी तणतणतच दार उघडलं. ती गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून, पलंगाशी गुडघे टेकून बसली होती. हाताची घडी, डोळे गच्च मिटलेले, ओठ त्याहून घट्ट.

मी जवळ जाऊन विचारलं, "बोलतेस का त्याच्याशी?"

तिने डोळे न उघडता मान हलवली. नाही.

"मग गुडघे कशाला टेकलेस?"

तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. एवढी साधी गोष्ट आईला कळत नाही, याचं तिला खरंच नवल वाटलं असावं.

"मी बोलत नाहीये, हे त्याला कळायला नको?"

खाली बसचा हॉर्न वाजला. मी तिच्या आणि तिच्या दप्तराच्या शेजारी गुडघे टेकले, हाताची घडी घातली, आणि आम्ही दोघी मिळून त्याच्याशी बोललो नाही.