मस्कतच्या दाखल्यावर मोहोळचा शिक्का

चहा होईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. हसणार आहातच, फक्त आमच्या हिच्यासमोर नको. तिला परत सगळं आठवतं.

आमची मुलगी पल्लवी नर्स. चार वर्षं मस्कतला होती, मग आयर्लंडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. त्यांनी मागितला पोलिसांचा दाखला. मस्कतला असताना या पोरीनं काही गुन्हा केलेला नाही, असा. आणि तो दाखला खरा आहे, असा वरून आणखी एक शिक्का.

मी म्हटलं, "एवढंच ना? मुंबईला जाऊन मारून आणतो की."

"आण्णा, आपल्या सरकारचा नाही चालत. कागद तिकडच्या पोलिसांचा, तर तो खरा आहे हे तिकडच्याच परराष्ट्र खात्यानं सांगायचं."

हे मला जरा लागलं. तीस वर्षं मोहोळला शाळेत होतो, शेवटची अकरा मुख्याध्यापक. अर्ध्या तालुक्याची मार्कशीटं खरी आहेत, हे मी सांगितलेलं आहे. निवृत्त होताना शाळेचा गोल शिक्का जमा केला, पण 'मूळ प्रतीवरून पडताळले, सत्यप्रत' हा माझ्या नावाचा शिक्का खिशात राहिला. राहिला कसला, ठेवला. आता झेरॉक्सवर ज्याची त्यानं सही केली तरी चालते, मला कोण विचारतंय? तरी पॅडची शाई मी सुकू देत नाही.

असो. पल्लवीच्या मैत्रिणीनं मस्कतमध्ये दोन्ही कामं केली आणि दाखला कुरियरनं सोलापूरला पाठवला. महिनाअखेर तो आयर्लंडला पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती.

"आण्णा, पाठवायच्या आधी घरात ठेवायला दोन रंगीत झेरॉक्स आणता का?"

सात रस्ता चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, काढून आणल्या. काय झेरॉक्स होत्या म्हणून सांगू. खऱ्यानं लाजावं. घरी येऊन टेबलाशी बसलो, आणि समोर कागद दिसल्यावर हात काय गप्प राहतो का? चष्मा, पॅड, शिक्का. ठप्प, सही. ठप्प, सही. ठप्प, सही. निवृत्तीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग पाकिटात घालायला मूळ दाखला शोधायला लागलो. सापडेना.

हिनं गाद्या उचलल्या, मी फ्रिजच्या वर बघितलं, मग उगाच फ्रिजच्या आतही बघितलं. पल्लवीचा चेहरा पांढराफटक. मी ठरवूनच टाकलं, मूळ कागद मशीनमध्ये राहिला. सगळ्यांचा तिथंच राहतो. ते तिन्ही कागद घेतले, तसाच परत गेलो आणि दुकानदारावर आवाज चढवला.

"सर, तीन कागद दिले की तुमाला. मोजून."

"तिन्ही झेरॉक्स आहेत. मशीन उघड."

बिचाऱ्यानं उघडलं. आत काही नाही. मागं सहा-सात गिऱ्हाइकं ताटकळलेली आणि मी बेजबाबदारपणावर भाषण देतोय, प्रार्थनेनंतर द्यायचो तसं. तो शांतपणे म्हणाला, "दावा बरं ते तीन." एकेक कागद उजेडाकडं धरला. तिसऱ्यात आतलं चिन्ह दिसलं, नोटेत दिसतं तसं.

"ह्योच की ओरिजिनल. पर ह्याच्यावर सत्यप्रत म्हणून कुणी मारलंय ओ?"

मागचा एक जण वाकला आणि माझं नाव मोठ्यानं वाचू लागला. हुद्द्यासकट.

घरी आलो. पल्लवीनं कागद हातात घेतला, एकेका शिक्क्यावर बोट ठेवत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पोलिसांचा शिक्का झाला, परराष्ट्र खात्याचा झाला," ती म्हणाली, "तुमचाच तेवढा राहिला होता, आण्णा." आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. पोरीची नोकरी मी माझ्या हातानं घालवली असं वाटून मी त्या दिवशी भरल्या ताटावरून उठलो.

मैत्रिणीचा निरोप आला. लगेच नवीन दाखला मिळेल, पण आधीचा कुणी आणि कसा खराब केला, त्याचं प्रतिज्ञापत्र पाहिजे. तेही ज्यानं केला त्याचं.

दुसऱ्या दिवशी पल्लवी मला नोटरीकडं घेऊन गेली. वकील निघाला माझाच विद्यार्थी. उठून पाया पडला, सगळी हकीकत ऐकली, चेहरा अगदी सरळ ठेवून टाईप करू लागला. मध्येच थांबला.

"सर, शिक्का चुकून मारला असं लिहू, का सवयीनं?"

मी पल्लवीकडं बघितलं. ती पंख्याकडं बघत होती.

"खरं ते लिही," मी म्हणालो.

त्यानं 'सवयीने' लिहिलं. मी सही केली. मग त्यानं प्रतिज्ञापत्राच्या दोन झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवल्या. माझा हात कधी खिशात गेला, मला खरंच कळलं नाही. पल्लवीनं तो हात धरला, शिक्का काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

नवीन दाखला वेळेत पोचला, पोरगी रुजू झाली. शिक्का पण आयर्लंडलाच आहे.