बोलावणं आलं म्हणून

सरकार पडलं तेव्हा त्या सरकारचा माणूस नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या घरात पाटावर बसून वांग्याची भाजी खात होता.

पंचाहत्तर सालचा एप्रिल. दिल्लीतल्या कंबोडियाच्या वकिलातीतला तो दुय्यम अधिकारी. आमच्या विहाराच्या कमिटीने चौदा एप्रिलच्या जयंतीला पाहुणा म्हणून मोठ्या साहेबाला बोलावलं होतं, त्याला सवड नव्हती म्हणून हा आला, बायकोला घेऊन. त्यांचं नवं वर्षही त्याच दिवसांत येतं, त्यामुळे वस्तीने दोन्ही सण एकदमच उरकले. मिरवणूक झाली, भाषण झालं. त्रिसरण म्हणताना त्यांची चाल वेगळी, आमची वेगळी, पण शब्द तेच. याचं लोकांना इतकं कौतुक वाटलं की पाहुण्यांना दोन-तीन दिवस कोणी सोडेचना. शेवटी दिल्लीची गाडी पकडायच्या आधी माझी माय त्यांना आमच्याकडे जेवायला घेऊन आली, आणि शेजारच्या ट्रान्झिस्टरवर बातमी लागली.

मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. मास्तरणीला येतं तेवढं इंग्रजी मला येत होतं, म्हणून सांगायचं माझ्यावरच आलं. राजधानी पडली, सरकार गेलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग पुन्हा उचलला आणि खाल्ला.

"अन्नावर राग नाही काढला," माय माझ्या कानाशी म्हणाली. "माणूस चांगला आहे."

दिल्लीला जाऊन करणार काय? तिथल्या वकिलातीला कुलूप लागलं. पासपोर्ट खिशात होता, पण तो देणारे लोकच आता खुर्चीवर नव्हते. दोघं आमच्या पुढच्या खोलीत राहिली. आठवड्याच्या आतच कमिटीचे अध्यक्ष आले आणि चपला न काढता दारातच उभे राहिले.

"बाई, आता हे पाहुणे कोणाचे म्हणाचे? त्यांचं सरकारच नाही राहिलं. उद्या पोलीस विचारतील."

"आपण सरकारले जेवाले बोलावलं होतं का गा, भाऊ?" माय म्हणाली. "माणसाले बोलावलं होतं. तो तर अजून बसला आहे. पोलीस आले तर माह्याकडे धाडा."

अध्यक्ष आल्या पावली गेले. माझी माय धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होती आणि तिथले डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत, तिथे अध्यक्षांचं काय चालणार! पोलीस खरोखरच आले, चौकशी केली, चहा प्याले आणि पुन्हा दोनचारदा आले. चहा चांगला होता.

पाहुण्या बाईंनी आठवड्याभरात आमची चूल ताब्यात घेतली. बाजारातून सुके झिंगे आणून त्या चिंचेच्या पाण्यात असं काही शिजवायच्या की सगळ्या गल्लीची पोरं वास घेत दाराशी यायची. त्यांच्या नवऱ्याशी, म्हणजे साहेबांशी, मात्र माझं जमत नसे. रोज सकाळी इस्त्रीची पँट, बुटांना पॉलिश, आणि मग ओट्यावर जाऊन बसायचे. ना ऑफिस, ना फाईल! त्या चकचकीत बुटांचा मला अगदी संताप यायचा. कोणाची वाट बघत होते ते?

पुढे ते ओट्यावरच मोठ्या पोरांना इंग्रजी शिकवायला लागले. पोरांनी बदल्यात त्यांना पहिला शब्द शिकवला तो 'काहून', म्हणजे 'का'. नागपूरचं पोर दिवसभर दुसरं बोलतंच काय? काहून जायचं, काहून बसायचं, काहून नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "मोठ्या माणसाला असं विचारलेलं चालतं?" म्हटलं, चालतं. "आमच्याकडे वरून सांगितलेल्याला असं विचारत नाहीत," ते म्हणाले. ते त्यांना भूषणच वाटत असावं.

थंडी पडली आणि बोलावणं आलं. मायच्या दवाखान्याचा फोन नंबर त्यांनी दिल्लीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला दिला होता. त्या सहकाऱ्याने तिथे फोन करून कळवलं की नवं सरकार परदेशातल्या सगळ्या अधिकाऱ्यांना परत बोलावतंय. मागचं विसरायचं, देश उभारायचा. तिकिटाची सोय होईल. मी चाललोय, उद्या दुपारी पुन्हा फोन करतो तेव्हा तुमचं काय ते सांगा. साहेब घरी आले आणि त्यांनी माळ्यावरची सूटकेस खाली काढली.

बाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याकडे न बघता त्या मला म्हणाल्या, "एप्रिलपासून माझ्या आईचं पत्र नाही. ह्यांच्या आईचं नाही, भावाचं नाही. त्या देशातून कोणाचंच काही येत नाही. फक्त हे बोलावणं येतं."

एवढ्यात माय ड्युटीवरून आली. सूटकेस पाहिली.

"काहून चालले गा, भाऊ?"

"सरकारने बोलावलंय," साहेब म्हणाले.

माय भिंतीला टेकून बसली. मी मध्ये बसले, वाक्यावाक्याला भाषांतर करत.

"माहा बाप गावाची वेठ करे," ती म्हणाली. "साहेब आला की सामान उचल, घुंगराची काठी वाजवत पाटलाचा निरोप पोचव. बोलावलं की उठाचं. एकदा नदीले पूर, बापाच्या अंगात ताप. माही माय म्हणे, नोका जाऊ. तो म्हणे, बोलावलं आहे ना. गेला. त्याची घुंगराची काठी सापडली मंग, खाली झुडपात अडकलेली. बाप नाही सापडला. जन्मात त्यानं कोणाले काहून म्हणून विचारलं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तवा मी देव सोडले, आन् मनातल्या मनात हेही सोडलं. बोलावणं आलं म्हणून उठाचं, हे सोडलं. आता मले कोणी बोलावलं तर मी पयले विचारतो."

वेठीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तेव्हा येत नव्हतं. असं काम की ज्याला पैसा नाही आणि नाही म्हणायची सोय नाही, असं मी सांगितलं. साहेब ताठ झाले. "मी अधिकारी आहे," ते म्हणाले. "त्यांच्या वडिलांची गोष्ट वेगळी."

मग मात्र माझं डोकं फिरलं. भाषांतर गेलं चुलीत. "काय वेगळी?" मी म्हणाले. "तुमच्या काठीला घुंगरं नाहीत, एवढंच!"

माझ्या बापजन्मात मी कोणा पाहुण्याला असं बोलले नव्हते आणि बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. साहेब उठून ओट्यावर गेले. सूटकेस खोलीच्या मधोमध उघडी पडून राहिली, तिच्यात कपडे घालायला बाईंनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते टाय बांधून धंतोलीला निघाले. बाई बरोबर गेल्या, मीही शाळा बुडवून गेले. दवाखान्यात ही गर्दी, यवतमाळपासूनचे पेशंट बाकांवर बसलेले. माय हातात फडकं घेऊन औषधाच्या खिडकीपाशी उभी. फोन वाजला. साहेबांनी टाचा जुळवून रिसीव्हर कानाला लावला आणि नुसतं ऐकत राहिले. पलीकडचा माणूस बोलतोय, हे मान डोलावताहेत. गेले, मला वाटलं. हा माणूस गेला.

"काहून?" साहेब म्हणाले.

पलीकडच्याला काय कळणार? त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "काहून?" बाकांवरचे लोक वळून बघायला लागले. मग ते स्वतःच्या भाषेत सुटले. बाईंनी मला नंतर सांगितलं की ते म्हणत होते, माझ्या आईचा आवाज ऐकवा. भावाचा ऐकवा. शेजाऱ्याचा ऐकवा, तिथल्या कोणाचाही ऐकवा, मग येतो. ते तेच तेच विचारत राहिले. बाईंनी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि खाली ठेवला.

तो सहकारी गेला. परत गेलेल्या कित्येकांना तिथे कैदेत घालून मारलं, हे पुढे जगाला कळलं तेव्हा आम्हालाही कळलं.

ही दोघं आमच्याकडेच राहिली आणि काही वर्षांनी फ्रान्सला निघाली. स्टेशनवर अर्धी वस्ती लोटली होती, अध्यक्षसुद्धा हार घेऊन हजर. गाडी हलायच्या बेतात असताना माय खिडकीपाशी गेली.

"कोणी बोलावलं आहे का गा, भाऊ?"

"नाही," साहेब मराठीत म्हणाले. "आमचे आम्हीच चाललो."

"मंग या," माय म्हणाली.