नुसतं बटण

आमच्या जळगावच्या ऑफिसात नवं ॲप तयार झालं की ते तपासायला एरंडोलहून एक गृहस्थ येतात. त्यांना दिसत नाही. स्क्रीनवर बोट फिरवलं की फोन जे बोलतो, ते तशाच सपाट आवाजात ते आम्हाला ऐकवतात. चहा घेणार का विचारलं, तरी त्याच आवाजात 'हो' म्हणतात.

परवा धुळ्याच्या एका पतपेढीचं ॲप होतं. उद्घाटन दुसऱ्याच दिवशी, म्हणून चेअरमन आबा स्वतः आले होते. पिन टाकायच्या पानावर हे गृहस्थ थांबले. आकड्यांवर बोट ठेवलं तरी फोन आकडा सांगतच नव्हता.

"बटण," ते म्हणाले. "बटण. बटण. बठ्ठा बटनच शेतस." म्हणजे सगळी नुसती बटणंच, आकडा एकही नाही.

आपल्याकडे कुणी अडलेलं दिसलं की विचारण्याआधी हात पुढे जातो. आबांचाही गेला.

"त्यात काय एवढं? तुमचा पिन सांगा भाऊ, मी दाबतो."

"आधी तुमचा सांगा."

आबांनी हात खिशात घातला.

"उद्घाटन पुढे ढकलू," ते मला म्हणाले.

"हो," गृहस्थ म्हणाले. चहाला म्हणतात, त्याच आवाजात.