शांताबाईनं घासलेली काच

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आमच्या गावची शांताबाई बावीस वर्षं काच घासते आहे. काच क्वार्ट्झची. साधी काच उन्हातले अतिनील किरण अडवते, ही अडवत नाही. शिक्षण सातवीपर्यंतचं; पण डोळ्याला न दिसणारा ओरखडा तिच्या बोटाला लागतो. गोड बोलणं मात्र तिला कधी जमलं नाही आणि त्याची तिला खंतही नाही.

गेल्या नवरात्राच्या आधी तिनं घासलेली बशीएवढी काच एका छोट्या विमानाच्या छतात बसली. विमान उंच जायचं, त्या काचेतून ऊन आत यायचं आणि आतलं यंत्र उन्हाचे रंग सुटे करायचं. वरचा ओझोन अतिनील किरण गिळतो. किती गिळले गेले, त्यावरून ओझोन किती ते कळतं.

पहिल्या दोन उड्डाणांचे आकडे जमिनीवरच्या यंत्राशी जुळले. दसऱ्यानंतरच्या तिसऱ्यात ओझोन भलताच जास्त निघाला. ते मोजमाप करणारे शास्त्रज्ञ सुबोध सर काच काढून थेट गाळ्यात आले.

"तुमचं पॉलिश उतरलंय."

"पॉलिश म्हणजे काय लिपस्टिक आहे, उतरायला?" शांताबाई म्हणाली. "दोनदा चालली तेव्हा कुणाची होती ही काच?"

गाळ्याचा मालक चंद्रप्रकाश उसळला. "तोंड आवर, बाई. काच खराब निघाली तर सोमवारपासून येऊ नकोस."

गल्ल्याजवळचा खोट्या नोटा तपासायचा अतिनील दिवा तिनं उचलला, शटर अर्धं ओढलं आणि उजेड काचेवर धरला. स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर पिवळट हिरवी झाक चमकली. कडेला तीन बोटं उमटलेली.

"हळद. या दिव्याखाली अशीच चमकते," ती म्हणाली.

"विमानावर हळद?" सुबोध सर म्हणाले.

"खंडेनवमीला नारळ घेऊन जुहूच्या धावपट्टीवर कोण गेलं होतं, शेठ? शिडी लावून?"

चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला, आवाज चढला. "मग पूजा करायची नाही? आणि मी लगेच पुसलं होतं."

"ओल्या फडक्यानं. तीन बोटांची हळद अख्ख्या काचेला फासली. तिनं किरण गिळले, यंत्र म्हणालं ओझोननं गिळले."

"तुमच्यात पूजा मानत नाहीत, म्हणून तुला खुपतं."

"आमच्यात मानत नाहीत, म्हणूनच त्यात माझं बोट नाही."

सुबोध सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "बरं, साफ करून द्या. उद्या उड्डाण आहे."

"ज्यानं माखलं त्यानं पुसावं."

शेवटी चंद्रप्रकाशनं स्पिरिट आणि कापूस घेतला. ती दिवा धरून डोक्यावर उभी. "गोल नका फिरवू. एका दिशेनं. कापूस बदला. पुन्हा." चार वेळा तिनं त्याच्याकडून पुसून घेतलं. झाक गेली तेव्हाच तिनं दिवा विझवला.

सुबोध सरांच्या अहवालात आलं, 'खिडकीवर बाहेरचा डाग'. डाग कुणाचा, ते नाही. माफी ना सरांनी मागितली, ना मालकानं.

सोमवारी साडेआठला ती गाळ्यात हजर होती. पण त्या दिवसापासून ती मालकाशी एक शब्द बोललेली नाही. काम काय ते त्यानं कागदावर लिहून तिच्या टेबलावर ठेवायचं. अक्षर वाईट असलं तर ती कागद परत पाठवते.